एक जात कमी करणारी शरयूताई

बातमी आली ती निवृत्त प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. मी मटार सोलत बसले होते. 'शरयू टेंबे मैडम नहीं रहीं', एवढंच. खाली जोडलेल्या हातांची रांग. मग तिच्या जुन्या विभागप्रमुखांचं 'अपूरणीय क्षति', त्यात तिचं नाव 'सरयू थम्बे' असं लिहिलेलं... आणि त्याच्या लगेच खाली कुणीतरी टाकलेला गुलाब, सुप्रभात आणि आजचा सुविचार. मी फोन पालथा घातला. रडू आलं नाही, किळस आली. आज सहा आठवडे होऊन गेले, रडू येऊन गेलं, पण किळस काही जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

शरयूताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. हिंदी मुलखातल्या आमच्या गावात, दाना ओली नावाच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर होती. गोरखीतल्या शाळेत जाताना माझा हात धरायची जबाबदारी तिच्यावर असे आणि ती तो इतका घट्ट धरे की शाळेत पोचेपर्यंत माझी बोटं पांढरी पडत. पुढे योगायोगानं आम्ही एकाच कॉलेजात शिकवायला लागलो. ती प्राणिशास्त्र, मी वनस्पतिशास्त्र. मध्ये एक व्हरांडा. तिनं लग्न केलं नाही. घरचे विचारून थकले, मग गल्ली विचारून थकली. तिच्या खोलीत नॅफ्थलीनच्या गोळ्यांचा वास कोंदलेला असे आणि लोक नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलत. "बाई कीड़े पालती है," असं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे हसून सांगत. मीही हसले आहे, हे इथंच कबूल करून टाकते.

ती पाळायची ते तुडतुडे. धानाच्या शेतात असतात त्यांचे चुलते म्हणा, पण हे गवतावरचे. तांदळाच्या कणीएवढे, गवताचा रस पिऊन जगणारे, कुणाचं काही न बिघडवणारे. म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. पिकाची नासाडी केली असती तर त्यांच्यावर ढीगभर पुस्तकं निघाली असती, असं ती म्हणे. प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे नाव, असं ती पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायची. तिच्या या तुडतुड्यांच्या आडनावाच्या घरात आपल्या भागातून तोवर एकच नाव नोंदलेलं होतं, लांब पंखांचा, फिक्या रंगाचा एक. आणि एका हिवाळ्यात तिघऱ्याच्या धरणाच्या बाजूला, पाण्याकाठच्या उंच कांस गवतात जाळी फिरवताना तिला दुसरा मिळाला. गडद, बुटका, पंख अर्ध्या पोटापर्यंत येऊन थांबलेले. मी तिच्याबरोबर होते. ती एक काचेची नळी तोंडात धरून किडे आत ओढून घ्यायची, मध्ये जाळीचा तुकडा असे म्हणून ते घशात जात नसत. मी तोंड फिरवलं. ती नळी तोंडातून काढून म्हणाली, "सुधा, हा कोण आहे गं? याला मी ओळखत नाही." एखाद्या लग्नघरात अनोळखी पाहुणा दिसावा, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

विभागप्रमुखांना बातमी लागली आणि त्यांचा चेहरा फुलला. नवी जात! त्यांचं नाव मी लिहीत नाही; सगळे त्यांना सर म्हणत, मीही तेच म्हणते. सरांनी नावही ठरवून टाकलं होतं. कॉलेजला पुढेमागे भेट द्यायला येणार होते त्या बड्या पाहुण्यांच्या नावावरून. शरयूताई म्हणाली, थोडं थांबू या. मला खात्री नाही. आणि तिनं कंदिलाच्या जुन्या काचा गोळा केल्या, कुंड्यांत गवत लावलं, एकेका कुंडीवर एकेक काच उभी करून वर मलमलीचं फडकं बांधलं आणि एकेका काचेत एकच बुटकी गडद मादी, नरासकट, सोडली. दोन हिवाळे हे चाललं. मग एके दिवशी व्हरांड्यातून तिची हाक आली. मी गेले तर ती काचेसमोर खाली फरशीवर बसलेली. "बघ," म्हणाली, "एका आईची पोरं." काचेत बुटके गडद होते आणि लांब पंखांचे फिकेही होते. दोन्ही. म्हणजे नवी जात वगैरे काही नव्हतं. गवत भरपूर असलं की पंख वाढवायची गरज नसते, मग पोरं बुटकी निपजतात. थंडीत रंग गडद होतो. दाटी झाली, गवत सुकलं, की लांब पंखांची निपजतात आणि उडून जातात. एवढंच. ती इतकी आनंदात होती की मला वाटलं, हिला काहीतरी मिळालंय. खरं तर हातातलं गेलं होतं.

सरांना ती हे सांगायला गेली तेव्हा मी दारात होते. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मैडम, जोड़ने से नाम होता है। घटाने से किसका भला हुआ है आज तक?" ती म्हणाली, "सर, पर वो है ही नहीं।" ते हसले. पुढच्याच वर्षी कुठल्याशा नियतकालिकात नवी जात छापून आली. नमुना तिच्याच पेटीतला, गडद आणि बुटका. लेखक सर एकटे. शेवटी आभारात 'नमुने गोळा करण्यात साहाय्य' म्हणून तिचं नाव. बड्या पाहुण्यांना चौकट करून ते पान भेट दिलं गेलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शरयूताईही समोर बसली होती. तिनं हात मांडीवरून उचलले नाहीत. त्या दिवशी मला तिचाच राग आला होता, एवढंही जमत नाही हिला, म्हणून... आता त्या रागाचीच शिसारी येते.

तिनं त्या नियतकालिकाला दुरुस्ती लिहून पाठवली. उत्तर आलं, नमुने दाखवा. नमुने विभागाच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांच्या टेबलात. ती मागत राहिली, ते उद्या म्हणत राहिले. आणि मग घडलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जुनं, निकामी सामान काढून टाकायची कॉलेजात एक समिती होती, तिच्यात त्या वर्षी मी होते. मोडक्या खुर्च्या, फुटके फलक, गंजलेले स्टँड अशी लांबलचक यादी समोर आली. दुपारची वेळ, मला घरी जायची घाई. मी सही केली. चौथ्या पानावर 'कीट-पेटियाँ, जीर्ण' असं लिहिलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. आठवड्यानं शरयूताई आवारामागच्या उकिरड्यावर उभी दिसली. लाकडी पेट्या फोडून नेलेल्या होत्या, आतल्या टाचण्या चिखलात चमकत होत्या आणि त्यांवरची चिठोरी, तिच्या मुंगीएवढ्या अक्षरातली, ओली होऊन फुगली होती. तिनं मला एवढंच विचारलं, "तू समितीत होतीस ना?" मी म्हटलं, "मी बघितलं नाही गं." ती म्हणाली, "तुझंच काय, कुणीच बघत नाही." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर ती दर्पण कॉलनीत पुतण्याकडे, अभयकडे राहायला गेली. मला वाटलं, संपलं. पण पासष्टीच्या उंबरठ्यावर या बाईनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ऑटो करून तिघऱ्याला जायचं, जाळी फिरवायची, गच्चीत कुंड्या, कुंड्यांवर काचा. गुडघे दुखत म्हणून ती गच्चीत पाट घेऊन बसे. अभयची बायको रश्मी हिंदी घरातली मुलगी. तिनं गच्चीत पापड घालायचं सोडून दिलं, पण तक्रार केली नाही. मी अधूनमधून जायची. मदत करू का, असं मी दोनदा विचारलं. तिनं मला नमुन्यांची चिठोरी लिहायला दिली. माझ्या हातून चुका झाल्या की ती नवं चिठोरं पुढे करायची. तिच्या जाण्याआधी चार महिने ती दुरुस्ती छापून आली. अडीच पानं. सरांनी नोंदवलेली जात वेगळी नाही, जुन्याच जातीचं आखूड पंखांचं रूप आहे, असं त्यात लिहिलं होतं. सरांच्या चुकीबद्दल एकही कडवट शब्द नव्हता. मी म्हटलं, "एवढं सोसलंस, दोन ओळी तरी लिहायच्यास." ती म्हणाली, "तुडतुड्यांचा त्यात काय दोष?" एका सकाळी पोहे खाऊन, पेपर वाचता वाचता ती गेली. रश्मीला आधी वाटलं, डुलकी लागली आहे.

शोकसभा कॉलेजच्या सभागृहात होती. समोसे आधीच येऊन पडले होते, तळणाचा वास हार घातलेल्या फोटोपर्यंत येत होता. सर बोलायला उठले. केस पांढरे, आवाज तोच. "टेंबे मैडम का सबसे बड़ा योगदान," ते म्हणाले, "उस नई स्पीशीज़ की खोज में मेरा सहयोग..." जी जात नाही हे सिद्ध करण्यात तिचं आयुष्य गेलं, तीच जात शोधायला मदत केली म्हणून तिची स्तुती चालली होती. मी उठले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता उठले. म्हटलं, "सर, ती जात नाहीये. तिनं चार महिन्यांपूर्वी ते छापून दाखवलंय. आणि तिचे पहिले नमुने उकिरड्यावर गेले, त्या कागदावर माझी सही आहे." हे मी मराठीत बोलले, मग हिंदीत पुन्हा बोलले, कुणी समजलं नाही असं म्हणायला जागा राहू नये म्हणून. सभागृहात कुणीतरी खोकलं. सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माईक ओढून घेतला आणि म्हणाल्या, "अब हम दो मिनट का मौन रखेंगे।" सगळे उभे राहिले. मी आधीच उभी होते. दोन मिनिटं संपली आणि लोक समोशांकडे वळले. एक तरुण प्राध्यापिका मात्र जिन्यात मला गाठून म्हणाली, "मैम, वो पेपर मुझे मिलेगा?" मी तिला पाठवला. तिनं वाचला की नाही, ठाऊक नाही.

परवा दर्पण कॉलनीत गेले होते. रश्मी चहा टाकत होती. ओट्यावरच्या फळीवर पातेली पालथी घातलेली, त्यात एका छोट्या स्टीलच्या पातेल्याच्या बुडावर लाल नेलपॉलिशची फुली. मी विचारलं. रश्मी म्हणाली, "आत्यांचं. त्यात किड्यांचं पोट उकळायच्या." मला माहीत होतं ते असं, की नराच्या पोटाचं टोक काचनळीत औषधात घालून मऊ करावं लागतं, तेव्हाच आतल्या भागावरून त्याची जात ओळखता येते, आणि ती नळी पातेल्यातल्या पाण्यात उभी करतात. म्हणजे त्या पातेल्याला कधी किडाही लागला नाही आणि औषधही नाही. त्यात फक्त पाणी असायचं. फुली तिनं स्वतःच काढली होती, घरच्यांना किळस वाटू नये म्हणून. मी हे रश्मीला समजावून सांगितलं आणि म्हटलं, "आज चहा यातच कर." तिनं पातेलं हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आतून हात फिरवला... मग परत पालथं ठेवलं.

"मावशी, खरं सांगू? मेरे से नहीं होगा।"

मला बरं वाटलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी मनातलं खरं ते तोंडावर सांगितलं होतं. तिनं दुसऱ्या पातेल्यात चहा केला, आणि आम्ही दोघी तो ओट्यापाशी उभ्यानंच प्यायलो.