तीन बोटं दुमड

अकोल्याच्या दवाखान्यातून धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी मशीनवरच होते. "ताई, रेणू गेली," एवढंच बोलला. दीड महिना झाला त्याला. रेणू त्याची एकुलती लेक, सोळावं सरत होतं. लोक हळहळले, देवाची मर्जी म्हणाले. देवाला मधे आणू नका... त्यात माझा हात आहे.

शेलूबाजारला मी शिवणकाम करते, भाऊ आमच्याच गल्लीत राहतो. शाळेचा निळा स्कर्ट शिवताना खाली तीन बोटं कापड आत दुमडायचं आणि पोरगी वाढेल तसं दरसाल उसवायचं, ही आमची रीत. रेणूचा स्कर्ट सातवीत शिवला. आठवीत माप घेतलं, उसवायची गरज नव्हती. नववीतही नव्हती. बरोबरीच्या पोरी ओढण्या घ्यायला लागल्या, ही मात्र तेवढीच, चेहरा पांढराफटक, पाण्याची बाटली सारखी तोंडाला. "आत्या, तुहा टेपच खोटा हाये," म्हणून हसायची. मग हळूच, "पुढच्या साली उसवशील न?" मी म्हणायचे, "उसवू न." दर जूनला तिचं माप माझ्याच हातात होतं, आणि मी आंधळी.

वहिनी आंधळी नव्हती. दहावीत गेली तरी न्हाण नाही म्हणून ती पोरीला वाशीमच्या दवाखान्यात न्यायला निघाली. मीच आडवी आले. "कायले नेऊन राह्यली? माह्यावर गेली पोरगी. मले बी सोळा सरल्यावरच आलं, मेली काय मी?" मोठी नणंद बोलली, विषय संपला. खरं सांगू का, मनातून मी सुखावले होते. मला मूलबाळ नाही, कोणीतरी माझ्यासारखं निघालं असं वाटलं.

दिवाळीनंतर रेणूचं तोंड सुजलं, उलट्या थांबेनात, तेव्हा अकोल्याला नेलं. दोन्ही किडन्या कित्येक वर्षांपासून निकामी होत चालल्या होत्या. "वयात यायला एवढा उशीर झाला, तेव्हाच का नाही दाखवलं?" डॉक्टरांनी विचारलं. आमच्या घराण्यातच उशीर आहे, मी म्हणाले. "असतो. पण ते तपासल्यावर म्हणायचं. थायरॉईड असू शकतं, अन्न अंगी लागत नसतं, किडनी असते..." वहिनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेरवी झाल्यावर ती स्कर्ट घेऊन आली. "शेजारच्या पोरीले देऊन राह्यली. सातवीत हाये, तिले आखूड होते. उसवून द्या, ताई." ब्लेडने एकेक टाका कापला. वरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं, आतली तीन बोटं मात्र कोरी, गडद निळी. इस्त्रीने घडी मोडली, पण रंग जुळेना. त्या पोरीला तो आता बरोबर बसतो. रोज सकाळी ती माझ्या दारावरून शाळेत जाते आणि खालची गडद पट्टी मला मशीनवर बसल्या जागेवरून दिसते.