व्यंकटची तबकडी आणि मोटेवरचं गाणं

सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण अणदुरात कुणाला पटलं न्हाय. आता पुन्हा एकदा सांगतो, ऐकायचं तर ऐका. व्यंकटच्या हॉटेलात दिवसभर जी तबकडी वाजायची, जिच्यापायी सोलापूरपासून हैदराबादपर्यंत लोक खुळावले होते, ते गाणं आमच्या जैनोद्दीनभाईंचं होतं.

जैनोद्दीनभाई शिवलिंग मालकाच्या विहिरीवर मोट हाकायचे. म्या खाली दारं धरायचो, म्हंजे पाटाचं पाणी एका वाफ्यातनं दुसऱ्या वाफ्यात वळवायचो. माझ्याआधी ते काम त्यांची बायको हसीनाबी करायची. ती मिरचीत उभी असायची, अन् हे वरनं पाण्यालाच सांगायचे,

चल माझ्या पाण्या, मिरचीच्या वाफ्याला,
तिथं कुणी उभं हाय रंऽऽ

हसीनाबी पटकीच्या साथीत गेली. गाणं तेवढं राहिलं. भाई रोज तेच म्हणायचे, अन् मिरचीत म्या उभा असायचो. लोक त्यावरनं माझी चेष्टा करायचे ते निराळंच.

मालकाची बैलं, हौश्या अन् पाखऱ्या, त्या गाण्यावरच चालायची. भाई मोटेच्या जाड दोराच्या नाड्यावर बसून गात धावेच्या उतारावरनं खाली जायचे. मोट वर येऊन काठावरच्या थारोळ्यात रिती झाली की ते 'रं' लांबवायचे, अन् त्या 'रं'वर बैलं आपसूक उलटी पावलं टाकत विहिरीकडं परत यायची. कासरा ओढायचं काम न्हाय. भाईंच्या हातात म्या कधी चाबूकसुद्धा बघितला न्हाय.

एका उन्हाळ्यात एका नाटक कंपनीचं सामान जकातीसाठी करोडगिरी नाक्यावर अडकलं. निजामाच्या हद्दीत शिरायचं म्हंजे ते आलंच. कंपनीचा पेटीमास्तर पाणी प्यायला विहिरीवर आला अन् लिंबाखाली बसूनच राहिला. सामान सुटेस्तोवर रोज यायचा, भाईंना तेच तेच म्हणायला लावायचा, अन् आपण मांडीवर बोटं नाचवायचा. भाईंनी त्याला आपल्यातली भाकर दिली. माणूस गुणी हाय, म्हणाले.

पुढं वर्ष-दोन वर्षांनी व्यंकटनं सोलापूरहून फोनो आणला अन् संगं ती तबकडी. कुणी बाई गात होती. पाण्याच्या जागी राजा आला होता, मिरचीच्या जागी फुलांची बाग. चाल मात्र तीच, अन् शेवटचा 'रं' पण तोच. भाईंनी सडकेवर उभं राहून पुरतं ऐकलं.

"मिरची काढली की रं त्यांनी," एवढंच म्हणाले, अन् बैलांना पेंड घालायला निघून गेले.

माझं डोकं फिरलं. म्या हॉटेलात जाऊन तावातावानं सांगितलं, तर लोक पोट धरून हसले. तबकडीवरचं गाणं मोटकऱ्याचं कसं असंल, मोटकऱ्यानंच तबकडीवरनं उचललं असंल, म्हणाले. ही माणसं जन्मापासनं भाईंचं गाणं ऐकत आलेली बरं का! पण बाईचा गळा ऐकला अन् सगळ्यांची आठवण पाण्यात गेली. जत्रेत खंडोबापुढं भाईंनी एकदा गाणं धरलं, तर कुणीतरी बजावलं, तबकडीसारखं म्हणा, शब्द चुकतायत तुमचे. तवापासनं ते जत्रेत गायले न्हाईत.

तेवढ्यावर भागलं असतं. पण गिऱ्हाईक वाढावं म्हणून व्यंकटनं फोनोचा कर्णा बाहेर ओट्यावर मांडला, तोंड नेमकं आमच्या विहिरीकडं. तबकडीवरचं गाणं घाईचं. बाईचा 'रं' लवकर यायचा. एका सकाळी भरली मोट अर्ध्यात वर आली असंल, तोच तिकडनं 'रंऽऽ' आलं, अन् दोन्ही बैलं थांबून उलटी निघाली. मोटेच्या वजनानं नाडा गचकन मागं ओढला. भाई धावेवर आपटले. हौश्या घसरत घसरत विहिरीच्या काठाशी जाऊन गुडघ्यावर बसला, म्हणून वाचला.

शिवलिंग मालक आले. वाईट माणूस न्हाय, पण बैल विहिरीत जाता जाता राहिलेला. त्यांनी सरळ सांगितलं, पुन्हा असं झालं तर ही जोडी बाजारात काढीन अन् सुधी जोडी घेईन. भाईंना पोरबाळ न्हाय. त्या दोन बैलांशिवाय त्यांचं होतं कोण?

भाई लंगडत व्यंकटकडं गेले, निदान कर्णा फिरव म्हणाले. व्यंकटनं चहा पुढं केला अन् म्हणाला, बैलांनाच दुसरं गाणं शिकवा की. चहा न पिता भाई परत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात चिंचेचा फोक होता. गाणं बंद. धावेवरनं गुमान खाली जायचे, मोट रिती झाली की कासरा ओढायचे. अन् मधेच तबकडीचा 'रं' आला, बैलांचं पाऊल मागं पडलं, की सपकन पाठीवर. पुन्हा 'रं', पुन्हा सपकन. बैलांची चूक काय होती? भाईंनीच शिकवलेलं ती करत होती. म्या मिरचीतनं बघायचो अन् मला जेवण गोड लागायचं न्हाय. भाईंचंही तेच. भाकर तशीच बांधून घरी न्यायचे.

बैलं शिकली. तबकडी कितीबी वाजू दे, आता मागं फिरत नसत. जोडी बाजारात गेली न्हाय, एवढं झालं.

पुढं रझाकारांच्या धामधुमीत व्यंकटनं हॉटेल आवरलं अन् फोनोसकट सोलापूर गाठलं. विहिरीवर सुनं सुनं वाटाया लागलं. एका दिवशी म्याच म्हणालो, भाई, आता कोण हाय इथं, म्हणा की तुमचं गाणं. भाईंनी फोक लिंबाला टेकवला, नाड्यावर बसले अन् धरलं. गळा पहिल्यासारखा राहिला न्हवता, पण पाणी तेच, मिरची तीच. मोट वर आली, रिती झाली. भाईंनी 'रं' लांबवला.

बैलं मागं फिरली न्हाईत. जागीच उभी राहिली. हौश्यानं डोळे मिटून घेतले अन् पाठीचं कातडं आकसलं. फटक्याची वाट बघत होता बिचारा.

भाई खाली उतरले. त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले.

"राहू दे गोरोबा," म्हणाले. "ह्यांना आता ते गाणं न्हाय, मार वाटतोय."

मग कासरा ओढून त्यांनी बैलं मागं घेतली, अन् म्या पुढल्या वाफ्याचं दार मोडायला गेलो.