बाजूचा तारा

आपा उजवा तळहात कानशिलाशी आडवा धरायच्या, म्हणजे नगरपालिकेचा दिवा डोळ्यांत शिरत नसे, आणि म्हणायच्या, "बाजूचा बघ. मंग सांग."

उदगीरच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवत, मी मराठी. घरंही एकाच गल्लीत. सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की त्या गच्चीवर, आणि चहाच्या लोभानं मीही. त्यांना वेड रूपविकारी ताऱ्यांचं, म्हणजे ज्यांचा उजेड कमीजास्त होतो त्यांचं. त्यातला एक खास मर्जीतला. ते खरं तर दोन तारे. एक दुसऱ्याच्या आड गेला की उजेड उतरतो. नाव अरबी, अर्थ भुताचं डोकं. आमच्याच नात्यातला आहे, असं त्या सांगत.

तारा उतरलाय की नाही हे त्या एकट्याकडे बघून कळत नाही, शेजारच्या न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडून बघावं लागतं. आपांनी हा नियम आभाळापुरता ठेवला नव्हता. मी नवऱ्याची तक्रार केली की, बाजूचा बघ. मुख्याध्यापकांनी एका मुलीला ढ म्हटलं, तर बाजूला कोण बसतं, हे आपांनी विचारलं. बाजूला मुख्याध्यापकांचीच पुतणी बसत असे. तुमच्याही शाळेत अशी एखादी बाई असेल, तर तिची बदली किती वेळा झाली ते आठवा.

अंदाज घेताना त्या नेहमी डावा डोळा मिटत. एका हिवाळ्यात कुणीतरी खाली कचरा पेटवला, उजव्या डोळ्यात धूर गेला, म्हणून त्या डाव्यानं बघू लागल्या.

"बाजूचा कुठं गेला गं? ढग आला का?"

आभाळ स्वच्छ होतं. मला तो आणि बाजूचा, दोन्ही तारे दिसत होते.

"दोन्ही हायेत, आपा."

त्यांनी पाणावलेला उजवा डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. मग गच्चीचा कठडा घट्ट धरला.

"तारा जाग्यावर हाय," त्या हळूच म्हणाल्या. "डोळाच उतरून राहिला."

नांदेडच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्यातलं गेलेलं परत येणार नव्हतं, उजव्यातही सुरुवात झाली होती. ऑपरेशननं उरलेलं राखता येईल, पण खात्री ते देईनात. बाहेरच्या बाकावर आपा म्हणाल्या, "कृष्णविवरात गेलेलं परत येत न्हाई, हे मीच पोरींना शिकवते. आता माझ्याच डोळ्यात एक हाय." मला हसू आलं नाही. त्यांनी माझा हात धरला होता. नर्सनं नाव पुकारलं तरी सोडेनात. शेवटी मलाच तो सोडवावा लागला, आणि तसं करताना मला रडू आलं.

ऑपरेशन झालं. पुढचा हिवाळा निभला. मग उजवाही उतरत गेला. शाळा सुटली, गच्ची सुटली. हैदराबादहून मुलगी न्यायला आली.

उदगीर स्टेशनवर आपा खिडकीत बसल्या, मी फलाटावर उभी. गाडी हलली.

"कुठं हायस गं?" त्यांनी विचारलं.

"हितंच हाय, आपा." मी खिडकीबरोबर चालत राहिले, हाक देत राहिले. आवाजाच्या दिशेनं त्या मान इकडे वळवत, तिकडे वळवत होत्या. फलाट संपला तरी मी त्यांना सापडले नव्हते.