मामांची उघडी डिस्क

माघातला पहिला रविवार, सकाळी अकरा, आमचं नायगावचं घर. हजर: मी, माझे यजमान, नणंद, लग्न ठरलेली तिची मुलगी, एक लॅपटॉप आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेले दोन डीव्हीडी प्लेअर. गैरहजर: ज्यांच्याकडून डिस्कची पेटी आणली ते माझे मामेसासरे. काम एकच होतं. दिराच्या हळदीला मामींनी म्हटलेली गाणी शोधून उतरवून घ्यायची. ती गाणी घरात फक्त मामींना येत होती आणि मामींना जाऊन सहा वर्षं झाली. भाचीला तिच्या हळदीत बँड वाजायच्या आधी तीच हवी होती. दुपारी एकपर्यंत एकेचाळीस डिस्क लावून झाल्या. त्यातल्या दोन लागल्या. एकीत चिंचोटीचा धबधबा होता, दुसरीतही चिंचोटीचा धबधबा. बाकी एकोणचाळीस रिकाम्या आहेत, असं लॅपटॉपने थंडपणे सांगितलं. नणंदेने डिस्क एकेक करून पेटीत परत ठेवल्या.

आमच्या मामांइतका कुठलीच गोष्ट पुरी न करणारा माणूस अख्ख्या वसईत सापडायचा नाही, हे मला माहीत होतं. पण त्याची व्याप्ती एवढी असेल याची कल्पना नव्हती. होळी गावातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर वीस वर्षं सळ्या उभ्या आहेत, पुढे मजला चढवायचा म्हणून. केळीच्या वाडीचं कुंपण एका बाजूने मोकळं आहे, शेजारची जमीन घ्यायची झाली तर. पत्राखाली सही करून झाल्यावर ते दोन बोटं जागा ठेवतात, कारण काही आठवू शकतं. त्या माणसाने एका सालच्या केळ्यांच्या पैशातून डीव्हीडीवर रेकॉर्डिंग करणारं यंत्र आणलं, आणि त्यांच्या स्वभावाला जगात पहिल्यांदा तोलामोलाची जागा मिळाली.

डिस्कच्या जाती त्यांना नातेवाइकांच्या स्वभावांसारख्या पाठ होत्या. नावापुढे उणे खूण असलेली साधी डिस्क एकवचनी, एकदा लिहिलं ते लिहिलं; आतलं काही पुसलं तरी जागा परत मिळत नाही. अधिक खुणेची, पुन्हा लिहिता येणारी, मनमिळाऊ, कोणाच्याही प्लेअरमध्ये जाऊन बसते, पण तिच्यावर कापाकापी बेताचीच. उणे खुणेची पुन्हा लिहिता येणारी एका खास पद्धतीने भरली तर पाहिजे तिथून कापा, पाहिजे तसं जोडा, मूळ चित्राला धक्का नाही. फक्त परक्या घरी ती तोंड उघडत नाही. आणि रॅम नावाची, प्लास्टिकच्या डबीत राहणारी, पाटीसारखी पुसता येणारी. ती मामांची लाडकी आणि जगात बाकी कोणाचीच नाही. घरी आलेल्या पाहुण्याला ते पाण्याआधी विचारायचे, "तुमच्याकडं प्लेअर कंचा?" उत्तर ऐकून काहींकडे ते पुढे बराच वेळ दयेने पाहत.

कापाकापीचा त्यांना नाद होता. साडूंशी वाडीच्या पाण्यावरून भांडण झालं तेव्हा नणंदेच्या मुलाच्या बारशातून साडू नाहीसे झाले. साडूंच्या पत्नी पाळण्याजवळ वाकल्या आणि एकदम पंगतच बसली. वर्षभराने समेट झाला, साडू पडद्यावर परत आले, तेही पेढ्यांसकट. हा प्रकार मी स्वतः पाहिला आहे आणि अजून सावरलेले नाही.

त्या दुपारी आम्ही पेटी घेऊन थेट होळीला गेलो. मामा अंगणात केळीच्या खोडाची सोपटं सोलत होते. मी मुद्देसूद तक्रार मांडली. ते शांतपणे म्हणाले, बिघडलेलं काहीच नाही, डिस्क बंद केलेल्या नाहीत. सगळं भरून झाल्यावर यंत्राला एकदा सांगावं लागतं की आता पुरे. मग ते डिस्कला शेवटचा शिक्का मारतं आणि ती दुसरीकडे वाचता येते. एकदा शिक्का बसला की तिच्यात काही घालता येत नाही. म्हणून त्यांनी एकाही डिस्कला तो मारला नव्हता; धबधब्याच्या दोन तेवढ्या मनमिळाऊ जातीच्या, शिक्क्याशिवाय लागणाऱ्या. वीस वर्षांचं घराणं एका यंत्रात अडकलं होतं, आणि त्या यंत्राचा खण मामा चिमट्याने ओढून उघडत होते.

मामींची डिस्क उणे खुणेची निघाली. मामांच्या टीव्हीवर ती लगेच लागली. मामी हिरव्या लुगड्यात, हातात हळदीची वाटी, आवाज खणखणीत. भाची जमिनीवरच बसली. मी यजमानांना खुणावलं, शिक्का आत्ताच मारून घेऊ, यंत्र आज आहे उद्या नाही. मामांनी रिमोट खिशात घातला.

"अजून बारा मिनटं शिल्लक हायत तिच्यात."

"मामा, मामींना जाऊन सहा वर्षं झाली. आता काय घालणार त्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, भाचीकडे पाहिलं. "हिची हळद. तुमी बायकांनी तिचीच गानी म्हनायची. तिच्या गान्याला लागून तुमचं येईल. मंग बंद करा."

नणंदेने डोळ्यांना पदर लावला. मला मात्र धक्का बसला होता तो वेगळाच: या माणसाला काय घालायचं आहे हे पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि आम्हाला कोणाला विचारावंसं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून दर रविवारी नात्यातल्या आणखी दोघी धरून आम्ही पाच बायका मामांच्या हॉलमध्ये बसतो. मामी एक ओळ म्हणतात, मामा थांबवतात, मी लिहून घेते, सगळ्या म्हणतात. मामींचे काही शब्द आम्हाला कळत नाहीत. ते मामा सांगतात, तोंड खिडकीकडे करून. सात गाणी उतरली आहेत. भाची आता वहीशिवाय म्हणते आणि चुकली की मामा चिमटा टेबलावर आपटतात. काल पहिल्यांदा घड्याळ लावून सलग म्हटलं, तर चौदा मिनिटं झाली. दोन कडवी गाळू या, असं मी सुचवलं. जन्मभर नातेवाइकांना कापत आलेले मामा म्हणाले, तिचं काय कापायचं नाय, जरा चाल उचलून म्हना.

हळदीला बारा दिवस आहेत. दोन मिनिटं अजून कमी व्हायची आहेत.