टाकीवरचा तळहात

"प्लास्टिकची टाकी या घराला लागणार नाही. झालं माझं बोलून."

"मम्मी, जुना टाकी लीक होतोय."

"पाझरतेय जराशी."

"सेम थिंग! मागे ओढा आहे. त्यात ऑइल गेला तर कौन्सिल टाकीला नाही धरणार, तुला धरणार."

"धरू दे. चहा पाजीन त्यांना."

रविवारची सकाळ. बाहेर सगळं पांढरंफेक, दवाचं बर्फ झालेलं. दिनामावशी आणि त्यांचा मुलगा कालेब स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन टोकांना बसले होते आणि मधे टाक्यांचे रंगीत कॅटलॉग पसरले होते. कालेब ते घेऊन आदल्या संध्याकाळी स्टॅनमोरहून आला होता. मी मागच्या खोलीतली भाडेकरू, टोस्टला लोणी लावत बसले होते.

बेसिंगस्टोकपासून फार लांब नसलेल्या या गावात गॅसची लाइन अजून आलेली नाही. घरं तापतात ती परसात ठेवलेल्या टाकीतल्या तेलावर. दिनामावशी त्याला सरळ रॉकेलच म्हणतात. "भायखळ्यात रॉकेलच्या रांगेत उभी राहिले, लग्न करून इंग्लंडला आले, तर इथेही रॉकेलच," हे त्या प्रत्येक नव्या भाडेकरूला ऐकवतात. भाडेकरू मराठीच लागतो, कारण त्यांचे यजमान सॅम्युअलकाका गेल्यापासून बोलायला कुणी उरलं नाही. सगळं आयुष्य मावशींनी शाळेच्या किचनमध्ये मुलांना कस्टर्ड वाढण्यात घालवलं. घरी मात्र ज्यू रीतीचा शुक्रवारचा दिवा, नारळाच्या दुधातली मच्छी, आणि नवऱ्याशी मराठीतून कडाक्याची भांडणं.

"बरं, स्टीलचा घे," कालेब म्हणाला. "पण डबल. हे बघ, टाकीच्या आत टाकी. आतला फुटला तरी बाहेरचा सगळं पकडून ठेवतो."

"म्हणजे मधे पोकळी?"

"हो."

"म्हणजे बाहेरून हात लावला तर तेल कुठवर आहे ते कळणार नाही."

"हात कशाला? सेन्सर असते. माझ्या फोनवर दिसेल, तिकडे बसून."

"तुझ्या फोनवर! घर माझं, तेल माझं, आणि कळणार तुला? साधी एका पत्र्याचीच हवी मला. आहे तशी."

"अलाउडच नाही! ओढा आहे ना मागे! तनू, तू सांग ना हिला."

मी सांगितलं नाही. कारण मला ती टाकी ठाऊक होती.

मावशी सांगतात, सॅम्युअलकाका रोज सकाळी टाकीवर तळहात वरून खाली फिरवायचे. जिथून पत्रा जास्त गार लागायला लागतो, तिथवर तेल. मग ती बोटं ओठांना लावून घरात यायचे. या घराच्या प्रत्येक चौकटीवर मेझुझा आहे, प्रार्थनेचा कागद घातलेली तिरकी डबी. येताना आणि जाताना तिला बोटं लावून ओठांना टेकवायची, अशी रीत. काकांच्या हाताला ती इतकी बसली होती की टाकीही सुटली नाही. मावशी हसायच्या, "रॉकेलच्या टाकीचे कसले मुके घेता?" काका म्हणायचे, "ऊब देते, तिचा मान नको?"

काका गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात पहिल्यांदा दव गोठलं, त्या सकाळी सगळी टाकी पांढरी झाली. फक्त एका ठिकाणी खालचा हिरवा रंग स्वच्छ दिसत होता. तळहाताएवढा. पाचही बोटं, त्यातली करंगळी आखूड. काकांच्या करंगळीचं टोक कारखान्यातल्या मशीनने नेलं होतं.

मावशींनी मला तो दाखवला तेव्हा मी मनात म्हटलं, यांनीच उमटवला असेल. पण नंतर त्या फ्लूने अंथरुणाला खिळल्या, आणि त्या आठवड्यातही तो होता. गवतावरच्या दवात पाऊल नव्हतं. तेल जसं उतरत गेलं, तसा हातही खाली सरकत गेला. मावशी त्यावरूनच तेल मागवायच्या.

यंदा शरद ऋतूत टँकरवाल्याने तेल भरायला नकार दिला. बुडाला गंज चढलाय, म्हणाला, भरली तर फुटेल. त्या दिवसापासून मावशींनी हीटिंग बंद केलं. काकांचा ओव्हरकोट घालून त्या घरात वावरायच्या. बोलताना तोंडातून वाफ निघायची. दर सकाळी त्या बाहेर जाऊन बघायच्या. हात आता अगदी बुडाशी टेकला होता, पण होता.

"सत्तरी ओलांडलीस तू," कालेबचा आवाज फाटला. "तनूने फोन केला मला. ती म्हणते तू हीटिंग लावतच नाहीस. अशी एक दिवस किचनमध्ये गोठलेली सापडशील! मला तुझा बॉडी उचलायला यायचं नाही मम्मी!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी टोस्टकडे.

तेवढ्यात कोपऱ्यातला तेलाचा बॉयलर खोकल्यासारखा दोनदा घुसमटला आणि बंद पडला.

मगच आमच्या लक्षात आलं, की इतका वेळ तो चालू होता. खोली उबदार होती. मला वाटलं होतं, लेक आलाय म्हणून मावशींनी लावला असेल. मावशींना बहुधा वाटलं असेल, भांडून अंगात ऊब आली.

"तू लावलंस?"

"काल रात्री. फ्रीझ होत होतो मी."

"रात्रभर?"

"मम्मी, हीटिंग आहे ते. लावायलाच असतं."

मावशी उठल्या. कोट सावरत मागचं दार उघडून बाहेर गेल्या. त्यांच्या मागे कालेब, त्याच्या मागे मी. पायाखाली गवत करकरत होतं.

टाकी पांढरी होती. वरपासून बुडापर्यंत सलग पांढरी, कुठे बोटाएवढीही फट नाही. मावशी वाकल्या, टाकीच्या मागे गेल्या, कडेने फिरून परत आल्या. मग कालेबने पत्र्यावर बोटं वाजवली. पोकळ, लांबलचक आवाज आला आणि ओढ्याच्या बाजूने जसाच्या तसा परत आला. त्याने पुन्हा वाजवलं नाही.

"काय शोधतेस?" त्याने विचारलं.

"तुला थंडी वाजत होती ना," मावशी म्हणाल्या, "मग उरलंसुरलं दिलं असेल त्यांनी." आणि घराकडे वळल्या.

आत आल्यावर कालेबने दार लावून घेतलं. त्या दाराला वर काच आहे. बाहेरून काच गोठून दुधासारखी झाली होती, आणि त्या दुधात एक तळहात स्वच्छ होता. त्यातून मागचं परस दिसत होतं, टाकी दिसत होती. करंगळी आखूड. चौकटीवरच्या मेझुझाच्या अगदी शेजारी. आम्ही बाहेर जाताना तो होता का, ते मला सांगता येणार नाही. दार उघडं होतं आणि आम्ही टाकीकडे बघत होतो.

कालेबने आतून त्यावर आपला तळहात ठेवला. बोटं जुळली. करंगळी तेवढी त्याची पुढे आली. त्याने हात झटकन मागे घेतला आणि चोळला.

"गरम आहे," तो म्हणाला. लहान मुलासारखा म्हणाला.

मावशींनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली.

"मम्मी. डॅडीचा हात... हे येतानाचा आहे की जातानाचा?"

मावशींनी मेझुझाला बोटं लावली, ओठांना टेकवली, दार उघडलं आणि ते बघायला बाहेर पडल्या.