परक्या माठाचं पाणी

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात माय मला घेऊन कामरगावहून नागपूरला, मावशीकडे गेली. मावशी दहा वर्षांत पक्की शहरवाली झाली होती. "इथं कोणी कोणाच्या घरी जात नाही," असं तिनं आल्या आल्याच बजावलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मावशीसोबत बाजारातून परतताना चपलेतूनही पाय भाजत होते. मावशीच्याच गल्लीत माय एका अनोळखी फाटकातून सरळ आत शिरली. "बाई, पाणी द्या वो प्याले!" आमच्याकडे तहान लागली की जवळच्या दारात हाक मारतात, त्यात लाज कसली? मावशी मात्र लाजेनं अर्धी झाली. "काहून माही इज्जत घालवून राह्यली वं?"

दार उघडलं. त्या बाईनं आम्हाला ओल्या वाळ्याच्या ताट्यांच्या गारव्यात बसवलं. माठातलं पाणी दिलं, वर पन्हं दिलं, आणि उठूच देईना. मावशीला म्हणाली, "दहा वर्षं तुम्हाला येता-जाता पाहते. आज आलात!"

चौथ्या दुपारी मायला नुकती डुलकी लागली होती. मावशी डोक्याला पदर गुंडाळून दारात उभी. "ऊठ न वं! आज कोणाच्या घरचं पाणी प्याचं?"