दोन प्लसच्या मधला आवाज

आधीच सांगून ठेवतो — भुताखेताच्या गोष्टी घेऊन दुकानात येणाऱ्याला मी चहासुद्धा सांगत नाही. आमच्या धंद्यात आवाज आला की त्याला कारण असतं. अर्थिंग लूज असतं, वायर कुठंतरी घासत असते, फ्यूज हलत असतो... शोधलं की सापडतं. इतकी वर्षं गाड्यांत म्युझिक सिस्टीम बसवल्या, प्रत्येक आवाजाचं कारण सापडलं. एक सोडून. तेवढं लिहितो. मग कुणाला शहाणपणा शिकवायचा असेल त्यानं खुशाल शिकवावा.

२००२-०३ च्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरात उद्यमनगरला माझं दुकान होतं. तेव्हा सबवूफरचं नुसतं याड लागलेलं. पोरं गाडीचा ब्रेक लागतोय का बघायची नाहीत, पण मागं बारा इंची वूफर पाहिजे! काचा थरथरल्या नाहीत तर "मालक, बेस न्हाई की ओ" म्हणून डोकं खायची.

बाळगोंडा अण्णा त्यातले नव्हते. शिरोळकडचे ऊसवाले, पस्तिशीचे, घरात कन्नड बोलणारे आणि बाहेर आपल्यासारखंच मराठी. पांढरी ओम्नी घेऊन आले. वूफर आणि अँप्लिफायर मुंबईच्या पाहुण्यांनी दिलेले. खिशातनं एक जुनी कॅसेट काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"ह्यात आमचे अप्पा हायत," म्हणाले. "वडील. यंदा गेले. भजनं म्हणायचे, ती घरच्या टेपवर भरून घेतल्यात. शेजारी बसून म्हणल्यागत ऐकू आलं पायजे बघा."

म्हटलं, हे काम नीट करायचं.

सोमवार होता, उद्यमनगरच्या सुट्टीचा वार. शेजारची वर्कशॉपं बंद, त्यामुळं लेथचा खडखडाट नव्हता. बॅटरीपासनं वायर मागं ओढली, अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडला, वूफर जोडला. पुढचे स्पीकर अजून जोडलेच नव्हते, हे लक्षात ठेवा. दुपारी अण्णा जेवायला गेले. गाडीच्या डेकमध्ये त्यांचीच कॅसेट होती, म्हटलं हिच्यावरच बघू. लावली... आवाजच नाही. नुसती खरखर.

म्हटलं, झालं! मीटर लावून बघितलं तर अँप्लिफायरवरची प्लस-मायनसची छपाईच चुकलेली. त्यामुळं वूफर दोन प्लसच्या मधे लागला होता. असं झालं की डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज एकमेकांना मारतात. घरच्या साध्या टेपवर भरलेल्या कॅसेटीत दोन्हीकडं सेमच आवाज असतो. म्हणजे वजाबाकी केली की शिल्लक भोपळा. तेव्हा भजन ऐकू आलं नाही हे बरोबरच होतं.

मी स्क्रू ढिला करायला वाकलो आणि वूफरमधनं बाई बोलली.

गाणं नाही, कन्नडातलं बोलणं. स्वच्छ, अगदी कानाशी. "मेल्लक हाड्री... कूसु मलगैती." थोडं थांबून परत तेच. आता, वूफरचं काम घुमायचं. बाईमाणसाचा असा बारीक, सुटा सुटा आवाज त्यातनं निघतच नाही. मी रस्त्यावर बघितलं, चिटपाखरू नव्हतं. पण भीती वाटली म्हणाल तर नाही, खोटं कशाला सांगू? वाटलं, भजन भरताना घरातलं कोणीतरी मधे बोललं असेल.

अण्णा आल्यावर मी सहज विचारलं, "कॅसेटीत वहिनी बोलल्यात व्हय?"

"कुठल्या वहिनी? मी शाळेत हुतो तवाची कॅसेट हाय ती. बाईमाणूस न्हाईच त्यात."

"हाय की! आत्ता ऐकलं मी."

"काय म्हणली?"

'ऊटा' म्हणजे जेवण, त्याच्या पुढं मला कन्नड येत नाही. कानात जे राहिलं होतं ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. अण्णा तिथंच गाडीच्या दारात बसले.

"हळू म्हणा, पोर झोपलंय," म्हणाले. "असा अर्थ हाय त्येचा. नवऱ्याला मान देऊन बायको बोलती तसं."

मग त्यांनी सांगितलं. भजन भरलं त्या दिवशी त्यांना ताप होता. अप्पा म्हणत होते आणि हे त्याच खोलीत वाकळ घेऊन झोपले होते. घरात दोघंच. तिसरं माणूस कधी नव्हतंच. अण्णांचं बारसं व्हायच्या आधीच त्यांची आई गेली, आणि अप्पांनी दुसरं लग्न केलं नाही.

"अव्वाचा आवाज मी कधी ऐकलाच न्हाई ओ," अण्णा म्हणाले. "लावा. परत लावा."

लावली. तीच वायर, तीच जागा. नुसती खरखर. वायर बरोबर करून बघितलं, तर अप्पा घुमक्या आवाजात म्हणायला लागले, पण बाई नाही. परत वायर चुकीची लावली. काही नाही. अण्णा वूफरला कान लावून बसलेले, शर्ट घामानं भिजलेला. आणखी एकदा लावली तसा आवाज ओढल्यासारखा यायला लागला. जुनी टेप, डेक खायला लागला होता. मी हात पुढं करायच्या आत अण्णांनीच कॅसेट बाहेर काढली.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "अप्पा तरी ऱ्हाऊ देत."

पुढं एका इंजिनिअर मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, "लांब वायर अँटेनासारखी काम करते, धारवाड आकाशवाणी लागली असेल." असेल बाबा. होतं असं, मी स्वतः बघितलंय. पण आकाशवाणीवरची बाई दुसऱ्याच्या घरातलं, नेमकं तेवढंच बोलते आणि गप्प बसते? मी अजून शोधतोय, मला काही सापडलेलं नाही.

पण त्या दिवशी माझ्या जिवाला लागलं ते वेगळंच. राहिलेलं काम उरकून मी वायर बरोबर करून दिली. अण्णा किल्ली हातात घेऊन उभे राहिले, जाईनात.

"मालक, एक खरं सांगा. रागात हुती काय?"

मला काही कळेना. मग खाली बघत स्वतःच म्हणाले, "गावात ल्हानपणापास्नं ऐकत आलोय. जल्मला आन् आईला गिळला."

एवढा बाप्या माणूस, पण उत्तराची वाट बघत शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

"न्हाय ओ अण्णा! राग कुठला? तापातलं पोर आत्ता कुठं झोपलंय, आन् ह्या बाप्याला काय त्येचं? घरोघरी बायका बोलत्यात की, तसं बोलली. मायेनं."

अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. गाडीत बसले, पण गाडी चालू केली नाही.

"परत एकदा म्हणून दावा."

मी म्हणून दाखवलं. माझा आवाज हा असा रांगडा... पण जमेल तेवढा बारीक करून, हळू.